हसणार नाहीत ना?

आमच्या चाळीच्या गणपतीत पाचव्या दिवशी नाटक असायचं आणि त्यात नवऱ्याचं काम माझे बाबा करायचे. नाटक दरवर्षी नवीन म्हणून जाहीर व्हायचं, गोष्ट मात्र एकच. नवरा उशिरा घरी येतो आणि बायको दाराआड लाटणं घेऊन उभी असते. बायकोचं काम आमच्या शेजारच्या खोलीतले काका करायचे. नऊवारी, अंबाडा, छातीवर करवंट्या. लाटणं आमच्या घरातून जायचं. "परत आणून द्या हो, सकाळी चपात्या करायच्यात," असं आई सगळ्यांसमोर बजावायची आणि लोक तिथूनच हसायला लागायचे. पहिला फटका पडायच्या आत बाबा मान खांद्यात ओढून डावं कोपर डोक्यावर घ्यायचे. त्या कोपराला जेवढा हशा यायचा तेवढा अख्ख्या नाटकात कशालाच यायचा नाही. काय हुबेहूब करतो हा माणूस, असं लोक म्हणायचे.

हुबेहूब का नाही करणार? घरी सराव होता.

आई बाबांना मारायची. आता मी हे सरळ लिहून मोकळी होते, पण आमच्या चाळीत हे वाक्य कुणी कधी उच्चारलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं, आणि माहीत असलेल्या गोष्टीचा विनोद झाला की ती बोलावी लागत नाही.

एक मार मला नीट आठवतो. स्टोव्हवर दूध होतं, बाबा पेपर वाचत बसले होते, दूध उतू गेलं. आईने आधी थोबाडीत दिली. बाबांचा चष्मा उडून मोरीत पडला. मग पाठीत बुक्के घातले, आणि मग लाटणं घेतलं. ती मारताना कधी ओरडायची नाही. दात आवळून, खालच्या आवाजात म्हणायची, "अहो, हात काढा. हात काढा म्हणते ना." एवढं मारताना तिचं अहो-जाहो काही सुटायचं नाही. बाबांनी कोपर काढलं नाही, दुसरा हातही वर घेतला, त्याची दोन बोटं लाटण्याखाली सापडली. शेवग्याची शेंग मोडावी तसा आवाज झाला. रक्त भिंतीवरच्या कॅलेंडरवर उडालं. आईने ते ओल्या फडक्याने पुसलं, पण डाग राहिला, आणि वर्ष संपेपर्यंत ती त्याच कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडत राहिली.

बाबा आईपेक्षा वीतभर उंच. त्यांनी कधी हात उगारला नाही. चाळ याला बावळटपणा म्हणायची. मी त्याला काय म्हणावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

भिंतीपलीकडे काका काकूंना मारायचे. तेच काका, नऊवारी नेसणारे. काकूंचे केस धरून ते त्यांना गॅलरीत ओढत आणायचे आणि डोकं कठड्यावर आपटायचे. एकदा काकूंचा पुढचा दात आमच्या उंबऱ्यापर्यंत घरंगळत आला होता. अशा वेळी मजला जागा व्हायचा. बायका काकांच्या हाताला लोंबकळायच्या, पुरुष त्यांना आवळून धरायचे, कुणी काकूंना पाणी द्यायचं. त्या बायकांत माझी आई सगळ्यांत पुढे असायची. "बाईवर हात टाकतोस मेल्या?" म्हणून तिने काकांच्या तोंडावर पायातली चप्पल मारलेली मी पाहिली आहे. त्या दिवशी मला तिचा इतका अभिमान वाटला होता की ती गोष्ट मी शाळेत जाऊन सगळ्यांना सांगितली.

आमच्या दाराशी मात्र कुणी यायचं नाही. बाहेरून हसल्याचा आवाज यायचा, आणि कुणीतरी म्हणायचं, "आज ह्यांचा नंबर वाटतं."

खाली दवाखान्याच्या बाकड्यावर एका सकाळी बाबा आणि काकू शेजारी शेजारी बसले होते, मधे मी. बाबांच्या हाताला फडकं, काकूंच्या डोळ्यावर ओला रुमाल. काकूंनी डॉक्टरांना सांगितलं, मोरीत पाय घसरला. बाबांनीही तेच सांगितलं, मोरीत पाय घसरला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही. डॉक्टर काकूंना म्हणाले, "पुढच्या वेळी आधी भोईवाड्याला पोलीस चौकीत जा, मग माझ्याकडे या." बाबांच्या मात्र त्यांनी पाठीवर थाप मारली. "बायकोला इतकं घाबरून कसं चालेल राव?" बाबा हसले. त्यांची ती दोन बोटं पुढे कधी सरळ झाली नाहीत.

कारणं दोन्ही घरांत होती. काकांच्या पोटात गेली की त्यांचं डोकं फिरतं. आई दिवसभर मसाल्याच्या दुकानात मिरच्या भाजते, तिचं डोकं तापतं. दुसऱ्या दिवशी काका काकूंसाठी गरम भजी आणायचे. आई बाबांसाठी तिखट कोंबडी करायची आणि काळजाचा तुकडा शोधून त्यांच्या ताटात घालायची. मला त्या कोंबडीची चव आवडायची. मला आई आवडायची. हे लिहिताना राग येतो मला, पण कोणाचा येतो ते सांगता येत नाही.

मोठी झाल्यावर मी फिल्म एडिटर झाले. जास्त करून माहितीपट कापते. बाई आणि बुवा या विषयावर इतके माहितीपट माझ्या हाताखालून गेलेत की आता नुसतं नाव ऐकूनच आत काय असेल ते सांगते. एक बाई बस चालवताना दिसणार, एक बुवा पोळ्या लाटताना. मग कोणीतरी तज्ज्ञ बाई पुस्तकांच्या कपाटापुढे बसून बोलणार, आणि शेवटी लहान मुलं-मुली एकत्र पळताना, मागे बासरी. बघणाऱ्यालाही बरं वाटतं, करणाऱ्यालाही.

दोन वर्षांपूर्वी दादरची एक तरुण दिग्दर्शिका असंच काही घेऊन माझ्याकडे आली. तिला विनोदातले नवरा-बायको हवे होते. लाटणंवाली बायको आपल्याकडे इतकी लाडकी का, असा तिचा प्रश्न. चाळीतल्या लग्नांचं शूटिंग करणाऱ्याने आमचं नाटक एकदा रेकॉर्ड केलं होतं, ती कॅसेट मी तिला दाखवली. ती पोट धरून हसली. मी म्हटलं, "आता हे परत बघ. तो जो कोपर वर घेतोय ना, तो माझा बाप आहे. आणि तो अभिनय करत नाहीये."

तिने परत पाहिलं. मग कॅसेट मागे नेऊन ते कोपर आणखी एकदा पाहिलं, हे तिच्या बाजूने सांगायला हवं.

काकू लगेच तयार झाल्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. "आता कोण मारणार मला?" म्हणाल्या. बाबांना विचारायला मला महिना लागला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वाकडी बोटं दुसऱ्या हाताने दाबत बसले, आणि म्हणाले, "गणपतीत दाखवणार म्हणतेस. लोक हसणार नाहीत ना?"

"नाही हसणार, बाबा."

"बघ हं. नाटकात हसले ते चालतंय. नाटक होतं ते. मी खरं सांगितलं आणि तेव्हापण हसले तर मग माझ्याजवळ काही राहत नाही."

मी शब्द दिला. कशाच्या जोरावर दिला देव जाणे.

आईलाही विचारलं. तिचे गुडघे गेले तेव्हा मार थांबला होता. पश्चात्तापाने नाही, गुडघ्यांनी. ती लसूण सोलत होती. "त्यांना सांगायचं तर सांगू दे की. मी काय तोंड बांधलंय त्यांचं?" मग, मान वर न करता, "खोटं सांगायला लागले तर मला बोलव." ही धमकी होती की काय, मला कळलं नाही. मी तिला पुढे काही विचारलं नाही.

दोघांची मुलाखत वेगवेगळ्या दिवशी झाली, त्याच खिडकीपाशी, त्याच खुर्चीत. दोघांना प्रश्नही तेच विचारले. एडिटिंगच्या टेबलावर घेतल्यावर मी दोन्ही समोरासमोर लावली, आणि एकाचं वाक्य कापून पुढे दुसऱ्याचं जोडत गेले. जोडायला काही करावंच लागेना.

"चूक माझीच असायची म्हणा," काकू म्हणतात.

"काहीतरी चुकायचंच माझं," बाबा म्हणतात.

"मनाने वाईट नव्हते."

"मनाची वाईट नाही ती."

"आवाज करायचे नाही मी. पोरं उठतील म्हणून."

"पोरगी झोपलेली असायची."

मी झोपलेली नसायचे. तिथे मी मशीन बंद केलं आणि उठून भिंतीवर हात आपटला. तळहात सुजेपर्यंत आपटला. मग दुखायला लागल्यावर लक्षात आलं की उगारलेला हात अगदी आईसारखा दिसतो.

दिग्दर्शिका म्हणाली, "ताई, बाबांचा पार्ट थोडा फनी होतोय, असं नाही वाटत? लोकांना पटेल का?" मी तिला म्हटलं, शब्द तेच आहेत, खुर्ची तीच आहे, मार तोच आहे. एकाचं पटतं आणि एकाचं फनी होतं, तर मग तुझी फिल्म तीच आहे. मग तिने एकही फ्रेम बदलली नाही.

गेल्या गणपतीत पाचव्या दिवशी, आरती झाल्यावर, मंडपात पडदा लावला. पुढच्या रांगेत आई, तिच्या एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला इस्त्रीचा शर्ट घालून बाबा. मी मागे मशीनपाशी. सुरुवातीलाच जुनं नाटक होतं. काका करवंट्या सावरत आले, लाटणं पडलं, कोपर वर गेलं, मंडप हसला. तेवढं हसणं मी धरूनच चालले होते. मग काकूंचा आताचा चेहरा आला. मंडप शांत झाला. काकू म्हणाल्या, चूक माझीच असायची, आणि कुणीतरी चुकचुकलं. काकू कठड्याबद्दल बोलल्या तेव्हा एक बाई डोळे पुसत होती.

मग बाबा आले. "काहीतरी चुकायचंच माझं."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मी मनात म्हटलं, एकच आहे, थांबेल. पडद्यावर काकू, शांतता. पडद्यावर बाबा, पुन्हा हसू, या वेळी चार-पाच जणांचं. "लाटणं लागायचं जोरात," बाबा म्हणाले, आणि एक पुरुष मोठ्याने बोलला, "अरे, नाटक अजून चालूच आहे याचं." मग सगळा मंडप हसला. बायका हसल्या, पोरं हसली, मघाशी डोळे पुसणारी बाईसुद्धा हसली. त्या क्षणी मला हातात काहीतरी जड हवं होतं. त्या माणसाचं तोंड फोडायचं होतं मला.

मी बाबांकडे पाहिलं. तेही हसायला लागले होते. नाटक संपल्यावर लोकांना नमस्कार करताना हसायचे तसे, मान थोडी खाली घालून.

आईने खुर्चीची पाठ धरली आणि स्वतःला उभं केलं. गुडघ्यांमुळे तिला वेळ लागला, लोकांना वाटलं म्हातारी कंटाळून घरी निघाली. ती वळली. पडद्यावरचा बाबांचा चेहरा तिच्या पातळावर पडला.

"कित्याक हसतास?" तिची माहेरची मालवणी बाहेर आली. "कशाला हसता?" आवाज तोच, दात आवळलेला, खालचा. "मारायचे मी ह्यांना. लाटण्याने मारायचे, पकडीने मारायचे. लागायचं ह्यांना. बोटं मोडलीत मी ह्यांची. बघायची आहेत?"

आणि ती बोटं दाखवायला म्हणून तिने बाबांच्या हाताकडे आपला हात नेला.

बाबांची मान खांद्यात गेली आणि डावं कोपर डोक्यावर आलं. इस्त्रीचा शर्ट काखेत उसवला. आईचा हात तसाच हवेत राहिला, पुढेही न्यायचा नाही आणि मागेही घ्यायचा नाही, असा. बाबांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि ते वाट बघत होते.

मंडपात कुणीही हसलं नाही.