हरलेल्यानं बांधायचा फेटा

आमच्या वाडीतले आबा आज सकाळी गेले, आणि मी त्यांच्या मातीला येऊ शकत नाही.

रजा आहे, तिकीटही मिळेल. पण माझं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे. वकीलबाई म्हणाल्या, आत्ता अमेरिका सोडू नका, परत आत घेतीलच असं मी सांगू शकत नाही.

म्हणून ही पोस्ट.

लासुर्ण्याजवळ आमची वाडी. आबांचे वडील मोरगावकडच्या माळावरून मेंढरं घेऊन आले आणि इथंच राहिले. आबांचा जन्म वाडीतलाच.

फेटा बांधावा तर आबांनी. लग्न कुणाचंही असो, नवरदेव आधी त्यांच्यापुढं बसायचा.

आमच्याकडं एक रीत होती. ग्रामपंचायतीचा निकाल लागला की हरलेल्यानं जिंकलेल्याच्या दारात जायचं, त्याला फेटा बांधायचा आणि त्याच्या घरचा चहा प्यायचा.

झालं, इलेक्शन संपलं. पंधरा दिवस एकमेकांची उणीदुणी काढलेले दुसऱ्या दिवशी एकाच जीपमधून बारामतीच्या बाजाराला.

नव्वदच्या दशकात एकदा माझे चुलते अण्णा आणि आबा समोरासमोर उभे राहिले. मी तेव्हा बारामतीला कॉलेजात. वक्तृत्वाच्या ढाली घरात मावत नव्हत्या, आणि डोक्यात हवा गेलेली. अण्णांनी मारुतीपुढच्या सभेत माझ्या हातात माईक दिला.

मी म्हणाले, "पाहुण्यांनी पाहुण्यासारखं राहावं. घर चालवायला घरची माणसं आहेत."

वाक्य माझंच. कुणी लिहून दिलं नव्हतं.

टाळ्या थांबेनात. आबा मागं लिंबाखाली बसलेले मला दिसत होते. दहावीच्या पेपरला एसटी चुकली तेव्हा याच माणसानं मला सायकलवर डबलसीट नेलं होतं, तेही आठवत होतं.

तरी मी ते वाक्य परत म्हटलं. टाळ्यांची चटक वाईट.

अण्णा जिंकले. संध्याकाळी आबा रीतीप्रमाणं फेटा घेऊन आले. आमच्याच पोरांनी त्यांना दारात अडवलं. पाहुण्यांचा फेटा नको म्हणाले. अण्णा आत बसून सगळं ऐकत होते, बाहेर आले नाहीत.

आबांनी फेटा काखेत धरला आणि माझ्याकडं बघितलं.

"पोरी, चा तरी पाज. हरलोय मी, परका न्हाय झालो."

मी आत गेले. चहा ठेवला, उकळला, कपात ओतला. बाहेर न्यायची हिंमत झाली नाही. थोड्या वेळानं डोकावले तर दारात कुणी नव्हतं.

त्यानंतर वाडीत कुणी कुणाला फेटा बांधला नाही. पुढच्या निवडणुकीला डोकी फुटली.

आता बावीस वर्षं मी इथं आहे. इथला पुढारी भर सभेत सांगतो की बाहेरून आलेल्यांनी देश नासवला. भाषा इंग्रजी असते, टाळ्या मात्र मी ओळखते.

ज्या शेजारणीला मी दर होळीला पुरणपोळी देते, तिच्या अंगणात त्याच्या नावाची पाटी आहे. ती अजून हसून हॅलो म्हणते. तिचा माझ्यावर राग नाही. माझा तरी आबांवर कुठं होता?

मागं इथं हरलेल्यानं निकालच मानला नाही, तेव्हा आबांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, "हरलेला गेला का न्हाय त्याच्या दारात?"

"न्हाय आबा. म्हणतो, हरलोच न्हाय."

"मग अवघड हाय," आबा म्हणाले, आणि शेळ्यांचं सांगायला लागले.

माफी मागायची तीच वेळ होती. मी म्हटलं, फोनवर नको. गावी जाऊन, समोर बसून, चहा करून मागू.

मित्रमंडळी मेसेज करतात, होईल गं सगळं नीट. मला नाही वाटत. रीत मोडायला एक वाक्य पुरतं, हे मी बघितलंय. ती परत बसवायला आमच्या एवढ्याशा वाडीला अजून जमलेलं नाही, या अवाढव्य देशाला काय जमणार?

आत्ताच आबांच्या नातवानं फोटो पाठवला. त्यांच्या डोक्याला फेटा बांधलाय. सैल बसलाय, एका बाजूला कललाय. नीट बांधणारा माणूस वाडीत एकच होता.

निघा आबा तुम्ही.

तुमचा चहा माझ्याकडं राहिला.