पेशंट काय म्हणाला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला तरी शेवटपर्यंत सांगेन का — माझं मलाच ठाऊक नाही. सुरुवात तर करते.

नव्वदच्या दशकात मी बहारीनला डॉक्टर होते. मनामातल्या एका शिकवणाऱ्या क्लिनिकमध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायचे. मूल पेशंटशी कसं बोलतं, हात कुठे ठेवतं, छाती कशी ऐकतं — मी बाजूला खुर्ची टाकून बघायचे आणि मार्क द्यायचे. तोंडाची फटकळ मी पहिल्यापासूनच. मला बघून मुलं दुआ पुटपुटायची म्हणे! आणि मला त्याचं कौतुक वाटायचं, आता बोला.

परीक्षेला खरे पेशंट लागत. वानखडे हा माझा हुकमी पेशंट. अकोल्याकडचा, तिथल्याच हिद्द गावात एका वर्कशॉपमध्ये एसी दुरुस्त करायचा. त्याच्या हृदयाची एक झडप अरुंद झालेली होती, आणि तिचा आवाज नीट ऐकणाऱ्यालाच ऐकू यायचा. म्हणजे परीक्षेला सोन्यासारखा! दर वेळी सुट्टी टाकून यायचा बिचारा. दारातूनच "जय भीम, मॅडम" म्हणायचा. आपल्याकडच्या बाईचं काम आहे, एवढंच त्याला पुरे होतं. मी त्याला पढवून ठेवलं होतं — विचारतील तेवढंच सांगायचं, आजाराचं नाव काढायचं नाही.

त्यानं ते किती मनावर घेतलं असेल, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला असेल का? नाही आला.

तो आवाज ऐकायचा तर पेशंटला आडवा करतात, डाव्या कुशीवर वळवतात. त्याआधी त्याला उठाबशा करायला लावतात, म्हणजे आवाज वाढतो. त्या दिवशी सकाळपासून एकामागून एक मुलं त्याला हेच करायला लावत होती. दोघातिघांनंतर त्याला सोडायला हवं होतं. पण बाहेरच्या देशातून एक मोठे परीक्षक आले होते, आणि मला त्यांच्यासमोर माझा पेशंट मिरवायचा होता. हो, मिरवायचाच होता. दुसरा शब्द नाही त्याला.

शेवटी मरियम आली. बहारीनचीच, बुदैयाकडची मुलगी, अबोल. ते पाहुणे परीक्षक नमाजाला गेले होते. खोलीत आम्ही तिघंच.

आणि एरवी मुलांना कळेल अशा मोडक्या हिंदीत बोलणारा वानखडे माझ्याकडे बघून मराठीत बोलला. "मॅडम, कसंतरी होऊन राहिलं." मग जरा थांबून — "आडवं नका करू मले."

कपाळ घामानं भिजलं होतं त्याचं. एसी तर चालू होता. मला दिसलं नाही असं म्हणू? दिसलं होतं.

मरियमनं त्याची पाठ ऐकली. तिचा चेहरा बदलला. फुप्फुसात पाणी भरल्यासारखं वाटतंय, याला बसतं ठेवू या का, असं तिनं इंग्रजीत विचारलं. मला वाटलं, हिला आवाज सापडत नाहीये, म्हणून पळवाट काढतेय. मग तिनं विचारलं, तो आत्ता काय म्हणाला?

त्या खोलीत मराठी समजणारी मी एकटीच होते.

मी म्हणाले — तो म्हणतोय, ठीक आहे, चालू दे. आणि वर म्हणाले, "यल्ला, मरियम." चल, आटप. हेच ते. हेच इतकी वर्षं घशात अडकून आहे.

तिनं त्याला आडवं केलं. वानखडे एकदा माझ्याकडे बघून गप्प झाला. विचारतील तेवढंच सांगायचं ना? पुन्हा कुणी विचारलंच नाही. जरा वेळात त्याच्या तोंडातून गुलाबी फेस आला. मग सगळी धावाधाव, ऑक्सिजन, इंजेक्शनं. संध्याकाळी तो गेला. त्याच्या बायकोला फोन मीच केला. मराठीतून. शेवटपर्यंत काही त्रास नव्हता हो त्यांना, म्हणाले.

चौकशी झाली. मरियमनं सांगितलं की पेशंट ठीक आहे असं मॅडम म्हणाल्या. मी म्हणाले, हो, तो तसंच म्हणाला होता. पण पेशंटच्या बोलण्यावर जायचं नसतं, छातीवर जायचं असतं, हे तिला कळायला हवं होतं. ज्या मुलीनं छाती बरोबर ऐकली, तिच्याबद्दल मी हे बोलले! आणि वर थोरपणा — कोवळी मुलगी आहे, नकळत चूक झाली, पोटात घाला, म्हणून मीच सगळ्यांना विनवलं.

बाहेर व्हरांड्यात तिनं मला गाठलं. तो आवाज तिच्या कानात राहिला होता. "कसांतरी... होउन..." असं अडखळत म्हणून तिनं विचारलं, याचा अर्थ काय, डॉक्टर? विचार करा, तेव्हाही मला वाट होती. मी म्हणाले, आमच्याकडे बरं वाटतंय असं सांगायचं असलं की असं म्हणतात.

तिला माफ केलं गेलं. पण ती परत क्लिनिकला आलीच नाही. डॉक्टरकी सोडली. माझ्या हातानं माणूस मेला, असं म्हणायची म्हणे.

मी मात्र परीक्षा घेत राहिले. दर वर्षी.

बहारीन सोडायच्या आधी बुदैयाच्या एका कोल्ड स्टोअरमध्ये — तिथं किराणा दुकानाला असं म्हणतात — ती भेटली. हातात दुधाचे डबे, कडेवर लहान मुलगी. तिला बघून मी घाईनं दुसरीकडे वळणार होते, तोच तिनं हाक मारली. जवळ आली आणि लेकीला माझ्यापुढे धरून म्हणाली, "या माझ्या डॉक्टर. सगळे माझ्या विरोधात होते, तेव्हा या एकट्या माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या."

मी त्या मुलीच्या गालाला हात लावला. किती गोड आहे, म्हणाले. मग माझं सामान घेतलं आणि गाडीत जाऊन बसले.