रिकामा परत येणारा डबा

दहावीत शाळा सुटली ती सुटलीच. परीक्षा म्हटलं की अजून नको वाटतं. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो; गेल्या दिवाळीच्या सुमारास ह्यांना जर्मनीतल्या एका हॉस्पिटलमधून नोकरीचं बोलावणं आलं. धाकटी बहीणही तिथेच. पण गेलं की मला भाषेचे वर्ग आले, शेवटी परीक्षा आली.

बहीण फोनवर सांगायची, त्या वर्गातच तिला मैत्रिणी मिळाल्या, एक सीरियाची, एक तुर्की. तिची जर्मन शेजारीण कचरा चुकीच्या डब्यात पडला की बेल वाजवून सांगते, फराळ दिला तर मीठ जास्त झालंय म्हणते. मला ऐकूनच घाम फुटायचा.

इथे कॉव्हेंट्रीत माझी चूक कधी कुणी काढली नाही. वृद्धांच्या केअर होमच्या किचनमध्ये मोडक्यातोडक्या इंग्रजीवर काम मिळालं, त्याचे उपकार मी मानतेच. पण घरात येऊन कुणी बसलंही नाही. शेजारच्या म्हाताऱ्या बाई दर दिवाळीला फराळ घेतात, 'लव्हली' म्हणतात, आणि डबा लख्ख धुऊन रिकामा परत देतात. आपल्याकडे रिकामा डबा कुणी परत देतं का? निदान चिमूटभर साखर तरी. पहिल्या वर्षी मी घाबरले, काही चुकलं की काय. पुढे सवय झाली, पण ह्या गोड बोलण्याचाही शीण येतो.

"इथे टोचून बोलतात, पण बोलतात तरी," बहीण म्हणाली. ह्यांनी निर्णय माझ्यावर सोडला. "मला तिकडेही हेच काम. वर्गात बसायचंय तुला." शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

गुरुवारी बाई डबा द्यायला आल्या. आम्ही कदाचित जर्मनीला जाऊ, असं मी सांगितलं. त्यांनी दारातच डबा माझ्या हातात दिला.

मग म्हणाल्या, "जाणारच असशील तर खरं सांगते. ती तिखट चक्रं मला झेपत नाहीत. मी ती पक्ष्यांना घालते."

म्हणजे चकल्या. मी विचारलं, "दरवर्षी?"

"दरवर्षी. पक्षीही सगळी खात नाहीत."

मला इतकं हसू आलं की डबा हातातून सुटला असता. आत या म्हटलं, तर त्या न सांगता बूट काढायला वाकल्या. आमच्या दाराबाहेरच्या चपला पाहत असणार इतकी वर्षं.

संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "नाही कळवा."

बहीण चिडली. घाबरलीस, म्हणाली. घाबरले होतेच. तेही एक कारण होतं.