हवा कोंडली होती

साळ्याचा फोन आला तेव्हा मी गुढियारीत, घराच्या ओसरीत, बायकोच्या, कुसुमच्या शिलाई मशीनला तेल देत बसलो होतो. ती त्याच्याच स्कूटरवर मागे बसून भनपुरीला हळदीला गेली होती. ट्रकनं धक्का मारला, छातीला मार आहे, सरळ दवाखान्यात या, म्हणाला. मी पोहोचलो तर ती अँब्युलन्समध्येच गेलेली... अंगावर गळ्यापर्यंत साळ्याची शाल.

तेव्हापासून तो सगळ्यांना सांगून राहिला की बहिणीची वेळ भरली होती. खोटं आहे. अँब्युलन्सवाल्या भैयानं मला तिथंच दारात सांगितलं, "काका, सीने में हवा फँस गई थी. एक तरफ साँस की आवाज़ ही नहीं थी." डॉक्टरनं त्याला फोनवर सांगितलं होतं, वाट पाहू नको, आत्ताच छातीत जाड सुई टाक, कोंडलेली हवा बाहेर काढ. त्यानं ब्लाऊज कापायला कैची उचलली आणि साळ्यानं त्याचा हात धरला. म्हणाला, रस्त्यावर लोकं पाहून राहिले, बाईमाणूस आहे, जे करायचं ते दवाखान्यात करा.

पुढचं भैयानं नाही, साळ्यानंच सांगितलं, तेरवीच्या पंगतीत, मोठ्या तोंडानं. कुसुम स्वतःच हूक काढू पाहत होती. यानं तिचा हात खाली केला, वरून शाल पांघरली. "जवाईबुवा, मरतानाही तिची लाज राखली मी."

"लाज राखली तुम्ही," मी म्हणालो. "बहीण नाही राखली."

कोणीतरी म्हणालं, काका, भात घ्या.

आणि लाज कोणाची, तर कुसुमची... अख्ख्या पाऱ्याच्या, मोहल्ल्याच्या बायकांचे ब्लाऊज शिवणारी बाई ती. नवी नवरी अंग चोरून उभी राहिली की डाफरायची, "माप देऊन राहिली का लपून राहिली? श्वास घे पोट्टी. पुरा घे. आता मोजते." भरल्या छातीवरच माप घ्यायची. तिचा ब्लाऊज घालून कोणाचा जीव गुदमरला नाही. एकदा मीच म्हणालो, एवढी महागाची साडी, कैची चालवायले भेव नाही वाटत तुले? तर म्हणे, "तुम्ही तिकडं पाहा. भेणाऱ्यानं कैची पाहू नये." त्या दिवशी रस्त्यावर बोलता आलं असतं तर भावाला हेच म्हणाली असती. पण बोलायला हवाच नव्हती तिच्याजवळ.

तेरवी आटोपली तेव्हा साळ्याच्या बायकोनं तीच शाल धुऊन, घडी उलगडून, मशीनवर टाकली. धूळ नको बसायला, म्हणाली. मी शाल ओढली, साळ्याच्या हातात दिली आणि त्याला दाराबाहेरपर्यंत सोडून आलो. तेव्हापासून तो आला नाही. येऊही नये.

शेजारणी अजून सांगतात, मशीन झाकून ठेवा काका. मी सकाळी फडक्यानं पुसतो, तेल देतो, चाक एकदा फिरवून पाहतो. झाकत नाही.