मान खाली, फोटो बारा

जुने कॅमेरे विकत घेणाऱ्या माणसाकडे फोटो कमी आणि किस्से जास्त जमतात, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो. माझ्या कपाटात आज चार कॅमेरे आहेत. त्यातला एकही धड चालत नाही. पण कोणी सहज विचारावं, "काय मग, मिळाला का कॅमेरा?" की समोरच्याचा चहा गार झालाच म्हणून समजा!

आमची टोळी चौघांची. मी अविनाश. डहाणूत माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ आपला म्हणायला, बाकी दिवसभर पासपोर्ट फोटो आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स. हर्षदचं चारोटीला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तो घरी गुजराती बोलतो, दुकानात मराठी आणि चिडला की हिंदी. सीताराम गुरुजी तलासरीकडे डोंगरातल्या एका शाळेत शिकवतात. चौथे वसंतकाका, राहणार नरपड. आम्ही तिघेही फोटोग्राफी त्यांच्याच हाताखाली शिकलो. काकांनी धंदा केव्हाच बंद केला, पण कॅमेऱ्याची नाडी बघायला आम्ही अजून त्यांच्याच ओटीवर जातो.

वेड एकच, मिडियम फॉरमॅट! म्हणजे मोठ्या फिल्मचा, चौकोनी फोटोचा कॅमेरा. रोल एकशेवीस नंबरचा, त्यात फोटो फक्त बारा. डोळ्याला लावायचा नाही, पोटाशी धरायचा. वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून काचेत बघायचं. एकदा त्या काचेत माणूस बघितला ना, की मोबाइलचा स्क्रीन नकोसा होतो.

काकांकडे असा एक आहे. जपानी, दोन भिंगांचा, घड्याळासारखा चालणारा. वीस वर्षं मी तो मागतोय आणि वीस वर्षं काका एकच उत्तर देतायत, "मी गेल्यावर ने." आता यावर माणसाने काय इच्छा धरावी? मला तो कॅमेरा मनापासून हवा होता आणि काकाही हवे होते. म्हणून मग आम्ही बाहेर शोधायला लागलो आणि जे काही हाती लागलं ते ऐका.

*

पहिला कॅमेरा तलासरीच्या एका गृहस्थांचा. फोनवर म्हणाले, "शटर जरा जाम होतं, पण मी मोकळं केलंय. आता लोण्यासारखं चालतं!"

आणला. काकांनी हातात घेतला आणि जरा तिरका केला, तर त्यांच्या लुंगीवर टपकन थेंब पडला. मग दुसरा पडला. काकांनी बोट लावलं, वास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच गुन्हा केलाय. मी त्या गृहस्थांना तिथूनच फोन लावला.

"खोबरेल घातलंय साहेब," ते अभिमानाने म्हणाले. "तीन दिवस भिजत ठेवला होता. एकदम शुद्ध, घाण्याचं!"

कॅमेऱ्याच्या शटरला तेलाचा थेंब चालत नाही, हा तर लोणच्यासारखा मुरवलेला! काकांनी कॅमेरा शांतपणे पेपरवर पालथा घातला.

"अव्या," ते म्हणाले, "याने फोटो निघणार नाहीत. केस मात्र छान वाढतील."

*

दुसरा एक पीस डहाणूतच सापडला. जाहिरातीत लिहिलं होतं, "देवघरात ठेवलेला, कधीही न वापरलेला." आम्हाला वाटलं, बोलण्याची पद्धत असेल.

तर खरंच देवघरात होता! दर दसऱ्याला शस्त्रपूजेत हळदकुंकू, तेही दोन्ही भिंगांना, ओल्या बोटाने. इतक्या वर्षांचं कुंकू काचेवर चढून कॅमेऱ्याचे डोळे आले होते. मी रुमाल काढला तशा घरातल्या बाई किंचाळल्या, "अहो पुसू नका! आमच्यात पुसत नाहीत!"

काकांना फोटो पाठवला. काकांचं उत्तर आलं, "नमस्कार कर आणि घरी ये."

*

अच्छाडचा किस्सा गुरुजींच्या नोकरीवर बेतला होता. गुरुजींच्या तेव्हाच्या खटारा कॅमेऱ्यासाठी रोल हवे होते. हर्षदच्या ओळखीचा एक ड्रायव्हर अहमदाबादहून गाडी घेऊन येणार होता. हर्षदने त्याला गडबडीत फोनवर सांगितलं, "येताना एकशेवीसचे दहा घेऊन ये. अच्छाडच्या ढाब्यावर ठेव, तिथून गुरुजींच्या शाळेत पोचतील."

पोचले. गुरुजींनी पार्सल स्टाफरूममध्येच उघडलं, मोठ्या बाई समोर बसलेल्या. बाईंनी परवाच फाटकावर नवीन बोर्ड लावून घेतला होता, "तंबाखूमुक्त शाळा".

आत एकशेवीस नंबरची तंबाखू. दहा डबे!

गुरुजी सुपारीसुद्धा खात नाहीत. बाईंनी एक डबा उचलला, लेबल वाचलं, खाली ठेवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "गुरुजी, रोज किती लागते?"

हर्षदला स्वतः जाऊन, रोलचा रिकामा खोका दाखवून साक्ष द्यावी लागली. बाईंनी खोक्यावरचा १२० आकडा वाचला, हर्षदकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे हेही सुटत नाही तर!"

*

हर्षदचं स्वतःचं प्रकरण त्याहून भारी. वापीला एक कॅमेरा बघायचा होता. तीनदा फसल्यावर शहाणपण आलं होतं, म्हणून त्याने ठरवलं की तिथेच फोटो काढायचा, तिथेच फिल्म धुऊन बघायची, मगच कॅमेरा घ्यायचा. त्यासाठी लागणारं केमिकल, म्हणजे डेव्हलपर, त्याने सोबत घेतलं. त्याला उजेड लागता कामा नये, म्हणून गडद काचेच्या बाटलीत भरलं.

बाटली होती इंग्लिश दारूची. आणि हा बहाद्दर ती घेऊन गुजरातमध्ये निघाला होता!

बॉर्डर ओलांडल्यावर गाडी तपासणीला थांबवली. हवालदाराने पिशवीत हात घालून बाटली वर काढली.

"ये क्या है?"

"डेव्हलपर है साहब."

"कौनसी कंपनी का?"

हर्षदच्या डोळ्यांसमोर दुकान, बायको, जामीन, सगळं एकदम आलं. हवालदाराने बूच काढून जोरात वास घेतला. त्याचा चेहरा आंबट झाला, डोळ्यांत पाणी आलं. त्याने बूच लावलं, बाटली हर्षदच्या हातात परत दिली आणि खांद्यावर हात ठेवून अगदी कळवळून म्हणाला, "भाई, तने कोईए छेतर्यो छे!"

म्हणजे, बाबा रे, तुला कोणीतरी फसवलंय.

*

गुरुजींना शेवटी एक बरा कॅमेरा मिळाला. ते आनंदाने गावातल्या जुन्या माणसांचे फोटो काढायला गेले. पाच म्हातारे पारावर ओळीने बसवले. गुरुजींनी झाकण उघडलं आणि काचेत बघायला मान खाली घातली. समोर पाचही जणांनी आदराने माना खाली घातल्या.

"अहो, माना वर करा!" गुरुजी खालीच बघत म्हणाले.

त्यातले सर्वात वयस्कर बाबा खालूनच बोलले, "गुरुजी, तुमी आदी करा!"

*

आता नरपडचा किस्सा. तो मी अजून कुणालाही नीट सांगू शकलेलो नाही, तरी सांगतो.

एके सकाळी यमुनाकाकूंचा, म्हणजे वसंतकाकांच्या बायकोचा, फोन आला. "अव्या, कॅमेरा घेऊन जा. आत्ता ये."

'मी गेल्यावर ने', एवढंच डोक्यात. हर्षदला आणि गुरुजींना फोन केले, येताना खिशात रोल का टाकला देव जाणे, आणि तिघेही धावत पोचलो.

बघतो तर काका ओटीवर पेपर वाचतायत! आणि काकू दारातल्या खुर्चीवर, मांडीवर भरलेली पिशवी.

"तो कॅमेरा तरी जाईल, नाहीतर मी जाते लेकीकडे बोईसरला," काकू म्हणाल्या. "पंचेचाळीस वर्षं झाली लग्नाला. हा माणूस माझ्याकडे बघत नाही. बाहेर मान कॅमेऱ्यात, घरात मान पेपरात. माझे हजार फोटो काढले असतील, पण मला दरवेळी दिसली ती यांची टाळू! आधी तिच्यावर केस तरी होते!"

हसावं की काय, कळेना. काकूंचे डोळे भरलेले होते. काकांनी कॅमेरा आणून माझ्या हातात दिला. वीस वर्षं मागितलेली वस्तू हातात आली आणि मला ती नकोशी झाली.

"मी बघतो की तुझ्याकडे," काका पुटपुटले.

"बघता? मग डोळे मिटा. माझ्या गालावर तीळ आहे. कुठल्या गालावर, सांगा."

काकांनी डोळे मिटले. लगेच, ठामपणे म्हणाले, "डाव्या."

तीळ उजव्या गालावर होता. आम्हा तिघांना समोर दिसत होता! गुरुजींनी कपाळाला हात लावला. काकू उठल्या.

काय करावं न सुचून मी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं आणि खाली बघितलं. आत आरसा असल्याने त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. काचेत काकू उभ्या होत्या आणि तीळ डाव्या गालावर होता.

"काकू, थांबा!" मी ओरडलोच. "काका चुकले नाहीत! यात तो डाव्या गालावरच दिसतो!"

काकू थबकल्या. काकांकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं. "म्हणजे पंचेचाळीस वर्षं मला उलटीच बघितली!" आणि परत खुर्चीत बसल्या. "आता सरळ बघून काढा. मान खाली गेली तर मी चालले."

मी रोल भरून कॅमेरा काकांना दिला. काकांनी तो पोटाशी धरला, मान वर केली आणि बाराच्या बारा फोटो काकूंच्या तोंडाकडे बघत काढले. मध्ये एकदाही काचेत बघितलं नाही. शेवटी शेवटी काकूच लाजून दुसरीकडे बघायला लागल्या.

कॅमेरा अर्थातच मला मिळाला नाही. रोल मात्र मीच धुतला. ओला असतानाच उजेडात धरला. एवढा मोठा फोटोग्राफर, आणि बारापैकी एकाही फोटोत काकूंचं डोकं नाही! सगळे गळ्यापासून खाली. मंगळसूत्र, हात, मांडीवरची पिशवी.

छोटे प्रिंट काढून, तोंड चुकवत नरपडला गेलो. काकूंनी चष्मा लावला, बाराही प्रिंट ओळीने मांडले, सावकाश बघितले आणि एकावर बोट ठेवलं.

"हा सातवा मोठा करून दे. यात मी छान हसलेय."

मी पुन्हा बघितलं. गळा, हात, पिशवी.

काकांनी वाकून बघितलं आणि मान हलवली.

"सातव्यात नाही गं. आठव्यात."