देवळ्याचा खिळा आणि माझ्या तीन लेन्स

आमच्या सासुरवाडीला, देवळ्याला, बैठकीत टीव्हीच्या बरोबर वर भिंतीत एक खिळा आहे. त्या खिळ्यापायी मी माझी अब्रू, तीन लेन्स आणि एक डबा बेसनाचे लाडू पणाला लावले होते.

खिळा तसा साधाच. पण त्यावर कुठला फोटो टांगायचा हे अण्णा ठरवतात. अण्णा म्हणजे माझे सासरे, कांद्याचे व्यापारी. त्यांच्याकडे येणारा प्रत्येक जण, मग तो शेतकरी असो, हमाल असो की सोयरा, चहा येईपर्यंत त्या फोटोकडे बघत बसतो. आणि सलग चार वर्षं तिथे लटकत होता सुरेशरावांनी काढलेला ताजमहाल! सुरेशराव म्हणजे माझे थोरले साडू. अण्णा प्रत्येकाला सांगायचे, "थोरल्या जावयानं काढलाय. झूम हाय त्यांच्याकडं, झूम!" आणि मी, धाकटा जावई, समोर बसून बशीतल्या चहावर फुंकर मारत असायचो.

सुरेशराव इगतपुरीला रेल्वेत. उंच. पन्नाशीकडे झुकले तरी डोक्यावर केस शाबूत. रेल्वेचा पास, त्यामुळे प्रवास फुकट. कितीही खाल्लं तरी पोट सुटत नाही. वर माणूस वाईट म्हणावा तर तेही नाही. तेच तर माझं दुखणं! वाईट असते तर मला मनमोकळं जळता तरी आलं असतं.

ताजमहाल खिळ्यावर चढला त्याच वर्षी मी एक जुना कॅमेरा घेतला. त्यासोबत नॉर्मल लेन्स होती. मग वर्षभरानं वाइड लेन्स आली. मग झूम आली. (माझ्या बायकोला, मंदाला, अजून वाटतं की तिन्ही कॅमेऱ्यासोबतच आल्या होत्या. हे वाचून तिला कळेल. बघू.) तिन्ही लेन्स घेऊन मी गंगापूर धरण काढलं, पांडवलेणी काढली, आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीतली गुलमोहराची झाडं काढली. अण्णा प्रत्येक फोटो हातभर लांब धरून बघायचे आणि म्हणायचे, "चांगला हाय. पन ताजमहाल तो ताजमहाल."

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात अण्णांनीच फर्मान काढलं. "नातवंडं ऱ्हातील आमच्यापाशी. दोघी बहिनी, दोघं जावई, जा फिरून या. सिमला, कुलू, मनाली. चांगले अठरा दिवस जा. आन् जो फोटो लय भारी येईल, तो हितं लावू."

असं म्हणून त्यांनी खिळ्याकडे बोट केलं. मी सुरेशरावांकडे पाहिलं. सुरेशराव खिळ्याकडे बघत होते.

निघायला आठवडा उरला तेव्हा मी तिन्ही लेन्स पलंगावर मांडल्या. मंदा दारात उभी राहून बघत होती.

"यातलं एक भिंग घ्या," ती म्हणाली.

"एक? अगं, अठरा दिवस! हिमालय!"

"खांद्याला एकच पिशवी राहील तुमच्या. बाकीच्यात स्वेटरं आहेत आणि खाऊ आहे. आणि ताईसमोर हमालासारखं लटकलेलं मला चालणार नाही."

आता आली का पंचाईत! वाइड न्यावी तर सगळे डोंगर मावतात, पण वारुळाएवढे दिसतात. झूम न्यावी तर एक डोंगर अंगावर येतो, बाकीचे गायब. नॉर्मल न्यावी तर डोंगर डोंगराएवढाच दिसतो, मग त्यात फोटोग्राफरचं कौतुक काय? शेवटी प्रत्यक्ष परीक्षा घ्यावी म्हणून मी गच्चीवर गेलो आणि तिन्ही लेन्सनी समोरच्या बिल्डिंगचे फोटो काढायला लागलो. समोरच्या गच्चीवर कुलकर्णी काकू कुरडया वाळत घालत होत्या. संध्याकाळी त्या आमच्या दारात हजर! "मंदा, तुझ्या नवऱ्याला कुरडया हव्या असतील तर त्यानं तोंडानं मागाव्यात गं, दुर्बिणी कशाला लावतोय?"

कुरडया मिळाल्या, निर्णय मिळाला नाही. मग मनात आलं, साडू काय नेतोय ते आधी कळलं पाहिजे! लावला फोन इगतपुरीला.

"काय सुरेशराव, तयारी कुठवर?"

"चाललीय की. तुमची?"

"चाललीय. लेन्स... कुठल्या घेताय?"

पलीकडे सुरेशराव खाकरले. "काही नाही हो. नॉर्मल एक. फिरायला जातोय, ओझी कशाला वाहायची?"

"अगदी बरोबर!" मी म्हणालो. "मीपण नॉर्मलच."

फोन ठेवला आणि मंदाला म्हणालो, "खोटं बोलतोय."

"तुम्ही काय खरं बोललात?" ती म्हणाली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. साडू झूम नेणारच, मग मी मागे राहीन होय? तिन्ही न्यायच्या ठरल्या. प्रश्न होता लपवायच्या कुठे. उत्तर स्वयंपाकघरातच होतं. एका दिवाळीत अण्णांनी दोन्ही लेकींना स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यांचा एकसारखा सेट दिला होता. भांड्यांवर नाव घालायची आपली पद्धत, पण दुकानदार अक्षराप्रमाणे पैसे घेतो म्हटल्यावर अण्णांनी ना लेकीचं नाव घातलं, ना जावयाचं. प्रत्येक डब्यावर फक्त 'देवळा'! तीन अक्षरांत कारभार आटोपला. शिवाय आमच्या स्टुडिओवाल्या नानांनी मला सांगून ठेवलेलंच होतं, "दमट हवेत लेन्सला बुरशी लागते. घट्ट डब्यात तांदळाची पुरचुंडी टाकून ठेवायची." म्हणजे मी लपवत नव्हतोच. मी शास्त्राप्रमाणे ठेवत होतो!

मंदा बाजारात गेल्यावर मी लाडवांच्या डब्यात झूम ठेवली आणि चिवड्याच्या डब्यात वाइड. नॉर्मल कॅमेऱ्यालाच होती. लाडवांचं काय केलं विचाराल तर अकरा मी खाल्ले आणि उरलेले चिवड्यासकट कुलकर्णी काकूंना दिले. त्या फारच गहिवरल्या.

गाडी इगतपुरीहून नाशिक रोडला येते, त्यामुळे आम्ही चढलो तेव्हा सुरेशराव खिडकी पकडून बसलेले! हातात वर्तमानपत्र, जवळ कॅमेरा, त्याला इवलीशी नॉर्मल लेन्स. मी पण माझी इवलीशी नॉर्मल त्यांना दिसेल अशी धरली. दोघंही समाधानानं हसलो.

मनमाड गेलं आणि मंदानं पिशवीला हात घातला. "लाडू काढू का?"

"नको!" मी जवळजवळ ओरडलोच. "गाडीत गोड खाल्लं की मला मळमळतं."

लग्नाला बारा वर्षं झाली होती. या बारा वर्षांत मी लाडवाला नाही म्हटलेलं मंदानं कधी ऐकलं नव्हतं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

तेवढ्यात समोर ताई म्हणाल्या, "मग आमचे शंकरपाळे काढते."

"छे छे!" सुरेशराव एकदम उठून बसले. "ते राहू देत. मनालीला खाऊ, थंडीत बरे लागतात."

समोर खाऊ असताना माणूस मनालीपर्यंत थांबतो म्हणजे काय संयम! मला त्या संयमाचासुद्धा हेवा वाटला. दिल्लीपर्यंत आम्ही दोघा साडूंनी स्टेशनवरची पुरीभाजी खाल्ली. दोघी बहिणी आमच्याकडे आळीपाळीनं बघत होत्या.

सिमला झालं, कुलू झालं. रोज मी संधी शोधायचो, रोज सुरेशराव मला चिकटलेले. मी मागे राहिलो की तेही मागे राहायचे. मी लवकर उठलो तर ते आधीच उठून दात घासत असायचे. दोघंही नॉर्मलनं डोंगराएवढे डोंगर काढत होतो आणि एकमेकांना "वा! वा!" म्हणत होतो. मी तर आतून नुसता धुमसत होतो.

मनालीला पोचलो आणि घात झाला. मी आणि सुरेशराव रोहतांग खिंडीच्या गाडीचं ठरवायला गेलो, तेवढ्या वेळात बहिणींनी "किती पिशव्या ओढायच्या!" म्हणून दोन्ही घरांचे सगळे डबे एकाच मोठ्या पिशवीत भरले. परत येऊन पाहतो तर पिशवीत आठ डबे आणि आठांवर 'देवळा'!

सकाळी सगळे निघायच्या गडबडीत असताना मी पिशवीत हात घातला. उघडून बघावं तर सुरेशराव दारात.

"काय शोधताय, अनिलराव?"

"काही नाही, लिमलेटची गोळी."

"मीपण तीच शोधायला आलोय," ते म्हणाले.

मी डबे नुसते हलवून पाहिले. एक चांगला जड लागला, आत काहीतरी धप्प वाजलं. ही माझी झूम! सुरेशरावांची पाठ वळताच तो मी स्वेटरच्या आत घातला, वरून कोट. थोड्या वेळानं सुरेशराव बाहेर आले तेव्हा त्यांचंही पोट फुगलेलं दिसलं. मला इतका आनंद झाला! म्हटलं, सुटलं एकदाचं!

रोहतांगला बर्फ होता आणि वर सगळे ढग. लोक बर्फात लोळत होते, आम्ही दोघे साडू आपापलं पोट धरून ढगांकडे बघत उभे. तास गेला. आणि एकदम ढग फाटले! समोर अख्खी रांग, पांढरी शुभ्र, त्यावर ऊन. खिळ्यावरचा फोटो माझ्यासमोर उभा होता. आता लाज कसली? मी कोट उघडला, डबा काढला, झाकण उघडलं.

आत बेसनाचे लाडू. ताईंच्या हातचे, बेदाणा लावलेले.

बाजूला बघतो तर सुरेशरावांच्या हातातही डबा! आणि डब्यात तांदळाच्या पुरचुंडीशेजारी माझी झूम! ते ती उपसून त्यांच्या कॅमेऱ्याला बसवायची खटपट करत होते. बसणार कशी? त्यांचा कॅमेरा एका कंपनीचा, माझी लेन्स दुसरीची!

"सुरेशराव! ती माझी आहे!"

"तुमची? तुम्ही तर नॉर्मल आणली होती ना?"

"तुम्हीपण नॉर्मलच आणली होती ना? मग डब्यात काय शोधत होतात?"

"लिमलेटची गोळी!"

"द्या इकडे! ढग येतायत!"

"आधी माझी झूम कुठाय ते सांगा! ती शंकरपाळ्यांच्या डब्यात होती!"

"मला काय माहीत! मला लाडू आलेत!"

"तुम्हालासुद्धा नानांनीच सांगितलं का हो? तांदळाचं?" पुरचुंडीकडे बघत सुरेशरावांनी विचारलं.

आता अशा वेळी एखादा शहाणा माणूस हसला असता. मी त्यांच्या हातातला डबा ओढायला लागलो. माझ्या काखेतला डबा कलला आणि लाडू बर्फावरून घरंगळत गेले. "माझे लाडू!" म्हणून ताई ओरडल्या. "मग *माझे* लाडू कुठे आहेत?" हा मंदाचा आवाज. बाजूचे सरदारजी त्यांच्या फॅमिलीला आमच्याकडे बोट करून काहीतरी दाखवत होते. आणि कुठेतरी एक टिचकी वाजल्यासारखा आवाज झाला. मंदाकडे एक छोटा कॅमेरा होता, प्रेशर कुकरवर फुकट मिळालेला. तिनं बटण दाबलं होतं.

मी झूम मिळवली, कॅमेऱ्याला लावली, डोळ्याला लावली. समोर पांढरं. ढग आले होते. ते काही पुन्हा हटले नाहीत.

लॉजवर पोचतो तर मालकीणबाई हातात 'देवळा' घेऊन उभ्या! बहिणींनी सकाळी त्यांना प्रेमानं खाऊचा डबा दिला होता. "भाभीजी," त्या संकोचानं म्हणाल्या, "इतना कड़क लड्डू हमने पहली बार देखा." सुरेशरावांनी झूम छातीशी धरली. डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या! आणि खरं सांगतो, त्या क्षणी पहिल्यांदा मला तो माणूस माझ्यासारखाच वाटला. (हे फार वेळ टिकलं नाही. रात्रीच्या जेवणाला लॉजवाल्यांनी त्यांनाच आधी वाढलं.)

उरलेले दिवस आम्ही सगळ्या लेन्स गळ्यात अडकवून उघड उघड फिरलो आणि दोघांनी मिळून अकरा रोल संपवले.

परतल्यावर देवळ्याला दरबार भरला. अण्णांनी कांद्याची प्रतवारी करावी तशी सगळ्या फोटोंची प्रतवारी केली. माझे वाइडचे डोंगर बाजूला गेले, झूमचे तर हललेलेच होते. सुरेशरावांचे चांगले होते. (होते! काय करणार!) अण्णांचा हात त्यांच्याच एका सूर्यास्ताकडे निघाला आणि मधेच थांबला. त्यांनी मंदाचा फोटो उचलला, बघितला आणि हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, सासूबाई पाणी घेऊन धावल्या.

"हाच!" अण्णा म्हणाले. "ताजमहाल काढा!"

तोच फोटो आजही खिळ्यावर आहे. मागे बर्फाची अख्खी रांग, उन्हात लख्ख. पुढे दोन जावई एका डब्याची ओढाओढ करतायत, बर्फावर लाडू पडलेत. मंदाला लेन्स निवडावी लागली नव्हती, ती कुकरवाल्यांनीच निवडून दिली होती. डोंगर स्पष्ट, लाडू स्पष्ट, सुरेशराव तर इतके स्पष्ट की मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. फक्त मी कॅमेऱ्याच्या फार जवळ होतो. त्यामुळे मी म्हणजे मरून रंगाच्या कोटातला एक धुरकट ढग.

परवा दिवाळीला सटाण्याहून अण्णांच्या थोरल्या बहीण आल्या होत्या. चहा येईपर्यंत त्या फोटो बघत बसल्या. "हाऊ थोरला जवाई शे," त्यांनी त्यांच्या अहिराणीत लगेच ओळखलं. मग फोटोतल्या माझ्यावर बोट रोखून हा कोण म्हणून विचारू लागल्या, "आनि हाऊ कोन शे?"

मी त्यांच्या समोरच बसलो होतो, बशीतल्या चहावर फुंकर मारत. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुरेशराव पुढे झाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी प्रेमानं म्हणाले, "आत्या, हे आमचे अनिलराव!"

एवढा आटापिटा करून खिळ्यावर पोचलो खरा, पण तिथला मी म्हणजे मीच, हे सांगायला अजून साडूच लागतो!