फोटोखालचा डॉट

हमीदभाई गेल्याची बातमी घरच्यांनंतर सगळ्यांत आधी मला कळली, आणि माझ्या हातून ती अशा वेगानं सुटली की विजेनं लाजून तारेतच बसून राहावं. दुकानाचं शटर अर्धंच वर केलं होतं, तेवढ्यात त्याच्या बायकोचा, शाहीनभाभीचा फोन आला. "भय्या, सुबू से उठा रही हूँ... उठेच नहीं." धावत त्यांच्या घरी गेलो. दुपार कलल्यावर, अस्रच्या नमाजानंतर माती द्यायचं ठरलं. परत येऊन थेट कॉम्प्युटरपुढं बसलो, कारण दुःखात माणसाचे हात जे येतं तेच करतात आणि लातुरातलं माझं दुकान फ्लेक्सचं आहे. लातूर जिल्ह्यात माझ्या फ्लेक्सवर हात जोडून हसला नाही असा पुढारी नाही, आणि माझ्या चौकटीत बसला नाही असा मयत नाही. भाभीनं तिच्या मोबाईलवरून पाठवलेला फोटो मी गुलाबांच्या चौकटीत बसवला, त्यातच जनाज्याची वेळ, कब्रस्तान, माझा नंबर असं सगळं वळणदार अक्षरांत घातलं आणि आमच्या गल्लीच्या वेबसाइटवर चढवलं. पुण्याहून, हैदराबादहून, पार दुबईहून फोन सुरू झाले. सगळ्या जगाला कळलं... ज्यांना कळायला हवं होतं तेवढे सोडून.

गल्ली म्हणजे निलंग्यातली आमची गल्ली. निम्मी माणसं पोटामागं पांगली, म्हणून कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, कुणाची माती हे एका जागी कळावं यासाठी ही साइट आम्ही काढली. तिचा सर्वेसर्वा मी. हमीदभाई आमच्या शेजारच्या शिंप्याचा मुलगा, माझ्याहून थोडा मोठा; भाई म्हणायचो, पण अरेतुरेतला. लहानपणी तापात त्याचे डोळे गेले. मी त्याला ओट्यावर बसवून रस्त्यावरचं सगळं सांगायचो, आणि रस्त्यावर काही घडत नसेल तर घडवायचो. एकदा सांगितलं, गल्लीत उंट शिरलाय आणि तुझ्या अब्बांच्या दुकानातली सलवार चघळतोय. तो शांतपणे म्हणाला, "उंटाचा वास तर आला न्हाई, बाल्या. पण सलवार कोणत्या रंगाची हाय?" माझ्या थापांना असा श्रोता पुन्हा मिळाला नाही. पुढं तो नांदेडला अंध मुलांच्या शाळेत गेला, तिथंच एका सरकारी कचेरीत टेलिफोनवर नोकरी केली आणि निवृत्त होऊन लातुरात राहायला आला.

आल्या आल्या तो माझ्या दुकानात हजर. मला वाटलं, साइटचं कौतुक करायला आला. त्यानं खिशातून मोबाईल काढला, साइट उघडली आणि मोबाईलमधली बाई बोलायला लागली. "चित्र. चित्र. बटण. चित्र. बटण." रेल्वेस्टेशनवरची बाईसुद्धा यापेक्षा मायेनं बोलते. "हे काय हाय बाल्या? मुक्यानं आंधळ्याला सांगितलेली गोष्ट?" मी म्हणालो, "अरे, सगळी बातमी चित्रातच आहे, बघ की." बोललो आणि जीभ चावली. तो मात्र खो खो हसला. मग त्यानं मला समजावलं. चित्रातलं अक्षर त्या बाईला वाचता येत नाही. बातमी साध्या अक्षरांत लिहावी लागते, बटणाला नाव द्यावं लागतं आणि फोटो चढवताना वर्णनाची जी रिकामी चौकट येते, तिच्यात फोटोत काय आहे ते लिहावं लागतं. "आणि पिवळ्यावर पांढरी अक्षरं काढून टाक. माझ्यासाठी नगं, मला काय पिवळं अन् काय पांढरं... तुझ्या आईसाठी. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू हाय ना?" आई तिथंच बसली होती. म्हणाली, "मी दोन वर्षं हेच सांगून राहिले, हमीद. पण हा माझं ऐकतोय व्हय?"

वर्णनं लिहायचं काम माझ्याकडं आलं. लांडग्याला शेरडं राखायला दिली म्हणा ना. देवणीच्या बाजारातल्या बैलाच्या फोटोखाली मी लिहिलं, 'शिंगं अशी की एकावर लातूर वाळत घालावं, दुसऱ्यावर नांदेड.' लगेच फोन. "बैल केवढा हाय?" म्हटलं, वर लिहिलंय की. "बाल्या, खरं सांग." म्हटलं, तुझ्या छातीला लागेल. "मग छाती लिही. रंग लिही. दोरी कुणाच्या हातात हाय ते लिही. लातूर-नांदेड त्याच्याखाली वाळत घाल. आधी खरं, मंग तुझं." तेव्हापासून हाच आमचा कायदा झाला. विष्णुपुरीच्या धरणाचा फोटो असो की कुणाच्या जावळाचा, आधी खरं, मग माझं. नांदेडचे त्याचे शाळासोबती सकाळी चहाबरोबर साइट ऐकायला लागले. त्यांतले गोविंद मास्तर, पेटी शिकवणारे, शाळेच्या वसतिगृहात हमीदभाईच्या शेजारच्या खाटेवरचे, मला एकदा म्हणाले, "बालाजीराव, खरं तर आम्ही तुमच्या थापांसाठीच येतो. खरं आपलं तोंडी लावायला."

पण मी आळशी. लग्नसराईत दुकानात गर्दी असली की वर्णन टाळून फोटो तसाच चढवायचो. हमीदभाईनं ओळखलं आणि साइट बनवणाऱ्या पोराकडून अशी सोय करून घेतली की वर्णन लिहिल्याशिवाय फोटो चढूच नये. म्हणजे डोळस माणसाला वेसण घालायला आंधळा आला! पण वेसणीतूनही तोंड काढील तो बालाजी. त्या चौकटीत मी नुसता एक डॉट टाकायचो. कॉम्प्युटर खूश, फोटो वर. आणि पाच मिनिटांत फोन. "पुन्हा डॉट टाकलास, बदमाश?" मग मी हसत शब्द लिहायचो. डॉट मी टाकायचा आणि त्यानं पकडायचा, हे इतकं अंगवळणी पडलं की पुढं पुढं मी निर्धास्तपणे डॉट टाकायला लागलो. पकडणारा आहे की.

त्या सकाळी गुलाबांची चौकट चढवताना कॉम्प्युटरनं वर्णन मागितलं. माझे डोळे भरलेले, बाजूला फोन वाजत होता... मी डॉट टाकला; बातमी सगळी चित्रातच राहिली. त्या दिवशी तो पकडायला कुणी नव्हतं, हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. माती द्यायला निघण्याआधी घरात भाभीनं विचारलं होतं, "साइटपे डाले ना, भय्या?" मी हो म्हणालो. "फिर नांदेडवालों कू मालूम हो जाता." ती निश्चिंत झाली, आणि मीही. कब्रस्तानात मी मुठीनं माती टाकली तेव्हा गर्दीकडं बघून मनात म्हणालोसुद्धा, बघ भाई, माझ्या साइटनं किती माणसं आणली. नांदेडचं एकही माणूस तिथं नव्हतं, आणि मला ते दिसलं नाही. मला. डोळे असलेल्याला.

तिसऱ्या दिवशी गोविंद मास्तरांचा फोन आला. "बालाजीराव, हमीद फोन उचलंना झालाय. अन् तुमच्या साइटवर परवापासून एक चित्र हाय, खाली डॉट. म्हटलं, हमीद झापंल तुम्हाला, मंग कळंल. काय हाय त्या चित्रात?"

जन्मभर ज्याला कधी थाप कमी पडली नाही, त्याला त्या क्षणी एक सापडेना. मी खरं सांगितलं. मग ते म्हणाले, "सकाळी कळलं असतं तर यष्टीनं पोचलो असतो हो आम्ही. चौघं होतो. शेवटचा हात तरी लावला असता." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फोन ठेवताना मलाच सांभाळून राहायला सांगितलं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मास्तर आणि त्यांचे सोबती येऊन गेले; मीच त्यांना कबरीपाशी नेलं, त्यांनी मातीवर हात ठेवले. माती तोवर घट्ट झाली होती. परतल्यावर मी ती चौकट उघडली, डॉट पुसला आणि लिहिलं. 'हमीदभाई घरच्या खुर्चीत बसले आहेत. पांढरी टोपी, निळा सदरा. डावा हात वर, बोट उगारलेलं. उजव्या हातात मोबाईल, कानाला लावलेला. तोंड उघडं आहे, रागात की हसण्यात ते सांगता येत नाही.' खाली वेळ, जागा, सगळं लिहिलं, आता कुणाच्याही उपयोगाचं नसलेलं. संध्याकाळी मास्तरांचा फोन. "ऐकलं. खरं झालं. मंग तुमचं कुठाय?" मी म्हणालो, सुचत नाही.

भाभीकडं गेलो तेव्हा विचारलं, हा फोटो कधीचा? ती थोडी हसली. "आपपेच बिगड रहे थे ना उस दिन, फोनपे. वो डॉट के वास्ते. मैं बोली, रुको, ऐसे गुस्से में अच्छे दिखते... और खींच ली."

घरी येऊन मी वर्णनाखाली एक ओळ घातली. 'फोनच्या दुसऱ्या टोकाला बालाजी आहे.' मास्तरांना वाटलं, ही माझी नेहमीची थाप. अजूनही फोटो चढवला की पाच मिनिटं मोबाईल हातात धरून बसतो...